आंतरराष्ट्रीय, तौलनिक आणि खासगी कायद्याची पुस्तकं: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

एलएलबीवाले, एलएलएमवाले, नेट परीक्षावाले आणि मधूनच गोव्यातल्या घराच्या वाटणीत अडकलेला एखादा माणूस, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून टाकतोय. क्रम लावलेला नाही, हवं तिथून वाचा.

आंतरराष्ट्रीय कायदा आणि खासगी आंतरराष्ट्रीय कायदा म्हणजे एकच ना? एकाच पुस्तकात होईल का दोन्ही?

नाही हो. पहिल्यात देश एकमेकांशी कसे वागतात ते असतं: करार, समुद्र, युद्ध, राजदूत, हेगचं कोर्ट. दुसऱ्यात तुमच्याआमच्यासारखी माणसं आणि कंपन्या असतात, फक्त त्यांचा मामला दोन देशांत पसरलेला असतो. लग्न नाशिकला, संसार न्यू जर्सीत, घटस्फोटाचा अर्ज तिकडे आणि फ्लॅट ठाण्यात, तर कोणतं कोर्ट आणि कोणत्या देशाचा कायदा, हा तो विषय. आणि गंमत म्हणजे हा ‘खासगी आंतरराष्ट्रीय’ कायदा खरं तर प्रत्येक देशाचा आपापला घरचाच कायदा असतो. इंग्लंडचा वेगळा, जर्मनीचा वेगळा, आपला वेगळा. हे एकदा डोक्यात बसलं की पुस्तक निवडणं निम्मं सोपं होतं, कारण या विषयाचं कुठलंही पुस्तक उघडलं की आधी एकच गोष्ट बघायची: हे कुणाच्या कोर्टात उभं राहून लिहिलंय? पुढच्या बहुतेक उत्तरांत हेच येणार आहे, कंटाळू नका.

एक व्यावहारिक टीप. लायब्ररीच्या कॅटलॉगमध्ये ‘पीआयएल’ (प्रायव्हेट इंटरनॅशनल लॉ) टाकून शोधू नका, जनहित याचिकांची पुस्तकं पण त्यातच येतात. ‘कॉन्फ्लिक्ट ऑफ लॉज’ हे याच विषयाचं दुसरं नाव टाका, नेमकं ते कपाट सापडेल.

पब्लिक इंटरनॅशनल लॉला ब्राउनली घेऊ की शॉ? की ओपनहाइम?

परीक्षा तोंडावर असेल आणि पाया कच्चा असेल तर माल्कम शॉ. केंब्रिजचं आहे, नववी आवृत्ती २०२१ ची, जाड आहे पण भाषा सरळ आहे आणि इतिहासापासून हळूहळू आत नेतं. ब्राउनलीचं पुस्तक १९६६ पासून चालू आहे, ते गेल्यावर जेम्स क्रॉफर्डनी आठवी (२०१२) आणि नववी (२०१९) आवृत्ती केली, आणि माझं मत विचाराल तर विचार म्हणून तेच सरस आहे, एकेक वाक्य मोजून लिहिलंय, पण पहिलंच पुस्तक म्हणून घेतलंत तर तिसऱ्या प्रकरणात दम लागेल. दोन्ही विकत घ्यायची गरज नाही. एक घरी, एक लायब्ररीत.

ओपनहाइम हा वेगळा प्रकार आहे. मूळ १९०५-०६ चं, आणि शांतताकाळाच्या कायद्याचा जो खंड सगळे वापरतात त्याची नववी आवृत्ती १९९२ ची, जेनिंग्ज आणि वॉट्स यांची. ते वाचायचं पुस्तक नाही, तळटीपा शोधायचं पुस्तक आहे. १९९२ नंतर पुलाखालून बरंच पाणी गेलंय, म्हणून आजचा कायदा काय म्हणून त्याच्यावर विसंबू नका. पण एखाद्या नियमाचं मूळ कुठून आलं हे बघायला अजूनही तोड नाही.

कपूर किंवा अगरवालांची भारतीय गाइडवजा पुस्तकं बहुतेकांकडे असतातच. पेपर लिहायला ती पुरतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. डिझर्टेशनमध्ये मात्र तीच दहा वेळा सायट करू नका, मार्गदर्शकाचं (डिझर्टेशनच्या गाइडचं) तोंड वाकडं होतं.

या जाड पुस्तकांत आपल्याकडचं काही असतं का? सगळं युरोप-अमेरिकाच वाटतं.

असतं, आणि चांगलं असतं, फक्त इंडेक्समध्ये शोधावं लागतं.

सगळ्यात आधी सावरकर. ८ जुलै १९१० ला मार्सेलला ‘मोरिया’ बोटीवरून उडी मारली हे शाळेपासून माहीत आहे, पण पुढे ती केस ब्रिटन विरुद्ध फ्रान्स अशी हेगच्या लवाद न्यायालयात गेली आणि २४ फेब्रुवारी १९११ ला निवाडा आला हे पुष्कळांना माहीत नसतं. फ्रान्सचं म्हणणं असं की आमच्या जमिनीवरून माणूस परत नेला तो बेकायदा होता, त्याला परत द्या. लवादाने सांगितलं की पकडण्यात अनियमितपणा झाला असेल, पण तुमच्याच माणसाने पकडून ब्रिटिश पोलिसांच्या हातात दिला, त्यात फसवणूक किंवा जबरदस्ती नव्हती, त्यामुळे परत करायचं बंधन ब्रिटनवर नाही. पाठ्यपुस्तकांत ही केस ‘माणूस चुकीच्या पद्धतीने ताब्यात आला तर खटला चालतो का’ या चर्चेत येते. मूळ निवाडा चार-पाच पानांचाच आहे आणि नेटवर फुकट मिळतो. पुस्तकातला सारांश वाचण्यापेक्षा तोच वाचा.

दुसरी केस पोर्तुगाल विरुद्ध भारत, हेगचं आंतरराष्ट्रीय न्यायालय, निकाल १२ एप्रिल १९६०. दादरा-नगर हवेली १९५४ मध्ये मुक्त झालं, सुधीर फडके वगैरे मंडळी त्यात होती हे आपल्याला पाठ आहे. त्यानंतर पोर्तुगाल कोर्टात गेलं, की दमणहून आमच्या त्या भागांत जायला वाट हा आमचा हक्क आहे. आणि त्यांनी आधार कशाचा दिला? पेशव्यांबरोबरच्या १७७९ च्या पुणे तहाचा आणि नंतरच्या मराठा सनदांचा. म्हणजे हेगच्या न्यायाधीशांना बसून मराठेशाहीचे कागद वाचावे लागले. कोर्टाने म्हटलं की मराठ्यांनी दिला तो महसुलाचा हक्क, जहागीर किंवा सरंजाम म्हणतात तसा, सार्वभौमत्व नव्हे, ते पुढे इंग्रजांच्या काळात गृहीत धरलं गेलं. शेवटी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरता वाटेचा हक्क मानला, सैन्याला नाही, आणि भारताने काही मोडलं नाही असंही सांगितलं. फक्त दोन देशांमध्येसुद्धा रूढी तयार होऊ शकते यासाठी ही केस जगभर शिकवतात. आपल्याकडचे विद्यार्थी ‘स्थानिक रूढी’ एवढे दोन शब्द पाठ करून पुढे जातात, पुणे तहाचा भाग कुणी वाचतच नाही, वाईट वाटतं.

कुलभूषण जाधव केस (१७ जुलै २०१९, वकिलातीशी संपर्काचा हक्क देणारा व्हिएन्ना करार, कलम ३६) तर तुम्हाला माहीतच असेल, ती शॉच्या ताज्या आवृत्तीत मिळेल.

आणि युरोपबाहेरून लिहिलेलं वाचायचं असेल तर आर. पी. आनंद आणि बी. एस. चिमणी ही दोन नावं लिहून ठेवा. अलेक्झांड्रोविचही वाचा, मद्रास विद्यापीठात शिकवायचे, ईस्ट इंडीजमधल्या राष्ट्रांच्या कायद्यावरचं त्यांचं पुस्तक १९६७ चं आहे. आशियातले राजे युरोपियनांशी बरोबरीने करार करत होते, हे त्यांनी करारांचे कागद काढून दाखवलं.

डायसी विकत घेऊ का? सीनियर म्हणतात त्याशिवाय खासगी आंतरराष्ट्रीय कायदा होतच नाही.

विकत नको. इंग्रजी कायद्याचं ते बायबल आहे हे खरं, १८९६ मध्ये डायसीने काढलं, मग मॉरिस आले, आता कॉलिन्स, सोळावी आवृत्ती २०२२ ची आहे. किंमत शेकडो पौंडात जाते. तेवढ्यात तुमची सेमिस्टरची फी निघेल. कॉलेजच्या किंवा हायकोर्टाच्या लायब्ररीत बसून वापरा.

पण वापरायचं कसं ते सांगतो, कारण पहिल्यांदा उघडणारा माणूस गोंधळतोच. या पुस्तकाची रचना कायद्याच्या कलमांसारखी आहे. आधी ठळक अक्षरात ‘नियम’, मग त्यावर लांबलचक भाष्य, मग शेवटी उदाहरणं, म्हणजे अमुक माणसाचं डोमिसाइल (कायद्याच्या दृष्टीने कायमचं घर) इथे, जमीन तिथे, मृत्युपत्र तिसरीकडे, तर निकाल काय. विद्यार्थी नियम वाचतात आणि पुस्तक मिटतात. उलटं करा. आधी उदाहरणं वाचा, मग नियम, मग भाष्यातला फक्त आपल्याला लागणारा परिच्छेद. जज लोकही त्यातला नियम जवळजवळ कलमासारखा उद्धृत करतात, म्हणून तो नियम हे फक्त लेखकांनी केलेलं सूत्र आहे, संसदेने केलेला कायदा नाही, हे विसरायला होतं.

आता मुख्य गोची. ते इंग्लंडच्या कोर्टासाठी आहे. एक नमुना बघा. लग्न झाल्यावर बायकोचं डोमिसाइल आपोआप नवऱ्याचं होतं हा जुना नियम इंग्लंडने १९७३ च्या कायद्याने मोडीत काढला, त्यामुळे नव्या डायसीत तुम्हाला बायकोचं डोमिसाइल स्वतंत्र दिसेल. तेच आपल्या १९२५ च्या इंडियन सक्सेशन अॅक्टची कलमं १५ आणि १६ काढा, तिथे बायकोचं डोमिसाइल नवऱ्यामागे जातं असं अजून छापलेलं आहे. बरं, तेवढ्यावर थांबू नका, कलम ४ पण बघा, तिथे म्हटलंय की हा डोमिसाइलचा भाग हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख, जैन मयताला लागूच नाही. म्हणजे डायसी एक सांगतो, आपलं कलम दुसरं सांगतं, आणि तुमचा अशील जोशी असेल तर दोन्ही बाजूला ठेवून हिंदू वारसा कायदा आणि कोर्टाचे निकाल धुंडाळावे लागतात. नुसता डायसी वाचून गेलेला माणूस इथे तोंडावर आपटतो.

चेशायरचं काय मग?

चेशायर, नॉर्थ अँड फॉसेट. १९३५ पासूनचं, पंधरावी आवृत्ती २०१७. डायसीपेक्षा वाचायला बरं, प्रकरणं प्रकरणांसारखी आहेत. रेन्व्हॉय (एका देशाच्या नियमाने मामला दुसऱ्या देशाच्या कायद्याकडे टोलवणं), कॅरॅक्टरायझेशन (मामला कोणत्या प्रकारात बसतो ते ठरवणं) वगैरे डोकं फिरवणारे विषय यातून समजतात. पण २०१७ ची आवृत्ती ब्रेक्झिट पूर्ण व्हायच्या आधीची, तेव्हा कोर्टाच्या अधिकारक्षेत्राची आणि परदेशी निकालांची प्रकरणं जपून.

भारतीय कायद्यावर नीट पुस्तक आहे की नाही?

आहेत, कमी आहेत. अतुल सेटलवाडांचं ‘कॉन्फ्लिक्ट ऑफ लॉज’ हे वकिलाने लिहिलेलं पुस्तक आहे, भारतीय निकाल खच्चून भरलेले, मुंबई हायकोर्टात वावरलेल्या माणसाचा हात दिसतो. पारस दिवाणांचं जुनं आहे, कौटुंबिक कायद्याच्या बाजूने चांगलं. आणि २०२१ मध्ये हार्टने खंडेरिया आणि जॉली यांचं ‘इंडियन प्रायव्हेट इंटरनॅशनल लॉ’ काढलं, ते आजच्या घडीला डिझर्टेशनवाल्यांनी पहिल्यांदा उघडावं असं मला वाटतं.

अडचण अशी की आपल्याकडे या विषयाचा एकच असा कायदा नाही. परदेशी निकालासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १३ आणि ४४ए, वारशासाठी वेगळं, परदेशातल्या लग्नासाठी १९६९ चा फॉरेन मॅरेज अॅक्ट, लवादासाठी १९९६ चा कायदा, असं सगळं विखुरलेलं. त्यामुळे पुस्तकाबरोबर बेअर अॅक्ट (कायद्याचा नुसता मूळ मजकूर) उघडे ठेवायलाच लागतात.

नवऱ्याने अमेरिकेत परस्पर डिव्होर्स घेतला, तो इथे चालतो का हे कुठल्या पुस्तकात मिळेल?

पुस्तकाआधी दोन निकाल वाचा, दोन्ही सुप्रीम कोर्टाचे आणि योगायोगाने दोन्ही मराठी न्यायमूर्तींनी लिहिलेले.

पहिला सत्या विरुद्ध तेजा सिंग, ऑक्टोबर १९७४ चा (रिपोर्टरमध्ये १९७५), न्या. यशवंत चंद्रचूड यांचा (पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजचे). नवऱ्याने नेवाडात थोडे आठवडे राहून घटस्फोट घेतला होता. कोर्टाने डोमिसाइलचा तो दावाच खोटा ठरवला आणि निकाल मानला नाही. त्यात त्यांनी असंही म्हटलं की खासगी आंतरराष्ट्रीय कायद्याची सगळ्या जगाला मान्य अशी एकच पद्धत नाही, प्रत्येक देश आपल्या धोरणाप्रमाणे ठरवतो आणि इंग्लंड-अमेरिकेचे नियम आपण डोळे झाकून उचलायला नकोत. मी वर जे दहा वेळा सांगतोय, ते त्यांनी पन्नास वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय, आणि किती छान इंग्रजीत.

दुसरा नरसिंह राव, १९९१, न्या. पी. बी. सावंत. तिथे मिझुरीचा घटस्फोट होता. त्यांनी कलम १३ मधला एकेक मुद्दा लग्नाच्या केसला लावून दाखवला. ज्या कायद्याखाली लग्न झालं त्याच कायद्याने मान्य केलेलं कोर्ट आणि त्याच कायद्यातलं कारण पाहिजे, आणि अपवाद काय काय, म्हणजे समोरचा माणूस स्वतःहून तिथे हजर होऊन लढला असेल किंवा त्याने संमती दिली असेल वगैरे. हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न असेल तर ‘आमचं आता जमत नाही’ एवढ्या कारणावर तिकडे एकतर्फी मिळालेला कागद इथे सहसा टिकत नाही तो यामुळे.

हे दोन वाचून मग सेटलवाडांचं घटस्फोटाचं प्रकरण घ्या, पाण्यासारखं गळ्याखाली उतरेल. आणि ही माहिती झाली, सल्ला नव्हे, प्रत्यक्ष केस असेल तर वकील गाठा.

मुलांच्या ताब्याबद्दल विचारणाऱ्यांसाठी: १९८० च्या हेगच्या बालअपहरण करारात भारत नाही. त्यामुळे त्या करारावरची परदेशी पुस्तकं कितीही चांगली असली तरी इथल्या कोर्टात तुम्हाला २०१७ चा नित्या आनंद राघवन निकाल आणि मुलाचं हित या मुद्द्यावरच बोलावं लागतं. असे करार करणाऱ्या हेग कॉन्फरन्सचा सदस्य भारत २००८ पासून आहे, अपोस्टील (कागदपत्रांवरचा परदेशात चालणारा शिक्का), समन्स बजावणी, पुरावा, दत्तक हे करार आपण घेतलेत, हा तेवढा नाही.

एलएलएमला ‘कम्पॅरेटिव्ह पब्लिक लॉ’ आहे. झ्वायगर्ट अँड कोट्झ घेतलं, पण सिलॅबसशी जुळतच नाहीये?

जुळणार नाही, कारण ते खासगी कायद्याचं पुस्तक आहे. करार, नुकसानभरपाई, अन्यायाने मिळालेला लाभ परत करणं, हे विषय फ्रान्स, जर्मनी, इंग्लंड कसे हाताळतात ते त्यात आहे. एक वर्षाच्या एलएलएमला सक्तीचा पेपर आहे तो राज्यपद्धतींच्या तुलनेचा, संविधानं, न्यायालयीन पुनर्विलोकन, संघराज्य. त्याला तौलनिक संविधानाची पुस्तकं लागतात, आणि भारताच्या बाजूसाठी ऑक्सफर्डचं भारतीय संविधानावरचं २०१६ चं हँडबुक. दुकानदार आणि सीनियर ‘कम्पॅरेटिव्ह’ शब्द ऐकला की झ्वायगर्ट हातात देतात, तिथेच घोळ होतो.

बाकी पुस्तक म्हणून ते भारीच आहे हां. इंग्रजी तिसरी आवृत्ती १९९८ ची, जर्मनमधून टोनी वेअरनी इतकं सहज इंग्रजी केलंय की भाषांतर वाटत नाही. त्यांचा मुख्य विचार असा की कायद्यांची नावं आणि कलमं जुळवत बसू नका, समाजापुढची अडचण कोणती हे बघा आणि ती अडचण प्रत्येक देश कशी सोडवतो ते ताडून पाहा. यावर पुढे बरीच टीका झाली, पिएर लग्राँ म्हणतात की कायदा संस्कृतीत इतका रुजलेला असतो की असं उपटून शेजारी शेजारी ठेवताच येत नाही. आणि त्याच्या बरोबर उलट टोकाला अॅलन वॉटसन, १९७४ मध्ये म्हणून गेले की कायदे एका देशातून दुसऱ्यात सर्रास उचलले जातात आणि बऱ्यापैकी जगतात. आपला करार कायदा, २०२४ पर्यंत चाललेला पुरावा कायदा आणि दंडसंहिता हे सगळं बघितलं तर मला वॉटसनचं जास्त पटतं, पण गाइडसमोर लग्राँ पण माहीत असल्याचं दाखवा.

गोव्याच्या कायद्यावर कुठलं पुस्तक? मालमत्ता मुंबईत आहे, कुटुंब गोव्याचं.

हा माझा आवडता प्रश्न, त्यामुळे उत्तर लांबणार.

गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १ जुलै १८७० पासून आली. १९६१ ला गोवा मुक्त झाला, १९६२ च्या कायद्याने भारताने जुने कायदे चालू ठेवले, आणि संहिताही राहिली. तिकडे पोर्तुगालने स्वतः १९६६ मध्ये नवी संहिता केली आणि जुनी काढून टाकली. म्हणजे लिस्बनच्या दुकानात मिळणारं ताजं पाठ्यपुस्तक गोव्याच्या केसला उपयोगाचं नाही, आणि पोर्तुगालमध्ये इतिहास झालेली संहिता म्हापशाच्या कोर्टात अजून चालते. तौलनिक कायद्याचा इतका जिवंत नमुना शेजारीच असताना आपली पोरं बेल्जियमवर डिझर्टेशन लिहितात.

यात दोन गोष्टी महाराष्ट्रातल्या माणसाला एकदम नव्या वाटतात. एक, वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र होते, निम्मी निम्मी. दुसरं, मृत्युपत्राने सगळं मनासारखं देता येत नाही, मुलं असतील तर अर्धा हिस्सा त्यांच्यासाठी राखीव राहतो. इन्कम टॅक्स रिटर्न भरताना ‘तुम्हाला पोर्तुगीज नागरी संहिता लागू आहे का’ असा एक प्रश्न येतो आणि आपण न वाचता ‘नाही’ दाबतो, तो याचसाठी, पती-पत्नीचं उत्पन्न वाटून धरायचं हा नियम १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ५ए मधून आलाय.

आता तुमच्या मुंबईच्या फ्लॅटचं. सुप्रीम कोर्टाचा सप्टेंबर २०१९ चा कुटिन्हो निकाल वाचा. गोव्याचं डोमिसाइल असलेल्या गृहस्थांनी मुंबईतली मालमत्ता मृत्युपत्राने एका मुलीला दिली होती. प्रश्न असा की मुंबईतल्या जागेला इंडियन सक्सेशन अॅक्ट लावायचा की गोव्याची संहिता? डायसी वाचलेला कुणीही म्हणेल की स्थावर जिथे आहे तिथला कायदा. कोर्टाने सांगितलं, थांबा, ही संहिता १९६२ च्या कायद्याने भारतीय कायदाच झालेली आहे, परदेशी कायदा नाहीच, मग खासगी आंतरराष्ट्रीय कायद्याचे नियम इथे येतातच कुठून? गोवेकराची मालमत्ता भारतात कुठेही असो, वारसा संहितेप्रमाणे. म्हणजे इतकी वर्षं ज्या कपाटातली पुस्तकं काढून वाद घातला ते कपाटच चुकीचं निघालं. समान नागरी कायद्याचा विषय निघाला की गोव्याचं नाव घेणारे खूप आहेत, त्यांनी हा निकाल आणि त्याबरोबर गोव्यातल्या हिंदूंसाठीचा १८८० चा रूढींचा हुकूमनामा दोन्ही वाचावं, मग बोलावं.

पुस्तकांत मनोहर उसगावकरांचं गोवा, दमण, दीवच्या कौटुंबिक कायद्यांवरचं काम बहुतेक वकिलांच्या टेबलावर असतं. आणि वारसा, नोटरी, इन्व्हेंटरी (मयताच्या मालमत्तेच्या वाटणीची कोर्टातली कारवाई) याला गोव्याचा २०१२ चा स्वतंत्र कायदा आहे, तो सोडून जुन्या संहितेवर गेलात तर अर्धवट उत्तर मिळेल.

जुनी आवृत्ती स्वस्तात मिळतेय, घेऊ का?

विषयावर आहे. तौलनिक कायदा, इतिहास, सिद्धांत: बिनधास्त घ्या. करारांचा कायदा, राज्याची जबाबदारी, दोन आवृत्त्या मागचं चालून जातं. इंग्लंडच्या कोर्टांचं अधिकारक्षेत्र आणि परदेशी निकालांची अंमलबजावणी, इथे २०२१ आधीचं पुस्तक घेऊ नका, ब्रुसेल्सचे (युरोपीय संघाचे) नियम ब्रिटनमधून गेले आणि आता परदेशी निकालांना मान्यता देण्याचा २०१९ चा हेग करारही १ जुलै २०२५ पासून तिकडे लागू झालाय. समुद्राचा कायदा १९८२ च्या कराराआधीचा असेल तर तो रद्दीतला समजा.

किमती परवडत नाहीत. झेरॉक्स केली तर चालते का?

हार्डबॅक मोनोग्राफ (एकाच विषयावरचं संशोधनाचं पुस्तक) शंभर पौंडांच्या आसपास असतो, ते विद्यार्थ्यासाठी छापलेलंच नसतं, लायब्ररीसाठी असतं. आधी दक्षिण आशियाची आवृत्ती आहे का ते बघा, कव्हरवर ‘फक्त या देशांत विक्रीसाठी’ असं असतं, मजकूर तोच आणि किंमत बरीच कमी. वर्षभर थांबलात तर पेपरबॅक येतं.

झेरॉक्सबद्दल खुद्द कायद्याच्या इतिहासातली मजेदार केस आहे. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी २०१२ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्सवाल्यावर दावा लावला, कोर्स पॅक (नेमलेल्या उताऱ्यांच्या झेरॉक्सचा गठ्ठा) काढून देतो म्हणून. २०१६ मध्ये दिल्ली हायकोर्टाने कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मधल्या शिक्षणाच्या अपवादावर बोट ठेवलं, आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. म्हणजे शिकवण्यासाठी नेमलेला भाग कोर्स पॅकमध्ये घेणं ठीक. अख्खं पुस्तक बांधून विकणं किंवा टेलिग्रामवर पीडीएफ फिरवणं हे त्यात येत नाही, कृपया या निकालाचं नाव घेऊन ते करू नका.

फुकट आणि कायदेशीर काय काय मिळतं?

पुष्कळ. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे सगळे निकाल त्यांच्या साइटवर, हेग कॉन्फरन्सचे करार आणि त्यांचे स्पष्टीकरण अहवाल त्यांच्या साइटवर (अहवाल वाचाच, कलमामागचं भांडण त्यात कळतं), संयुक्त राष्ट्रांची करारमाला, इंटरनॅशनल लॉ कमिशनचे अहवाल. जोसेफ स्टोरीचं कॉन्फ्लिक्ट ऑफ लॉजवरचं १८३४ चं पुस्तक, डायसीची १८९६ ची आणि ओपनहाइमची पहिली आवृत्ती इंटरनेट अर्काइव्हवर आहे. शोधगंगावर भारतातले पीएचडी प्रबंध. त्यातले सगळेच वाचनीय आहेत असं नाही, पण संदर्भसूची उचलायला उत्तम. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ २०२५ पासून सरकारी संस्थांत चालू झालंय, पण ते जर्नलसाठी, पुस्तकं त्यातून मिळणार नाहीत, या गैरसमजात बरेच आहेत. पुस्तक तुमच्या लायब्ररीत नसेल तर ग्रंथपालांना डेलनेटमधून (लायब्ररींच्या देवाणघेवाणीच्या जाळ्यातून) मागवता येईल का विचारा. ते विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

मराठीत काही आहे का?

गाइडं आहेत. विश्वकोशात आंतरराष्ट्रीय कायद्यावर नोंद आहे, ऑनलाइन आहे, पाया समजायला छान. शब्दांसाठी भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश. खासगी आंतरराष्ट्रीय कायद्यावर डायसी-चेशायरच्या तोडीचं स्वतंत्र मराठी पुस्तक माझ्या पाहण्यात नाही, गोव्याच्या संहितेवर तरी कुणीतरी लिहायला हवं, वाचक तयार आहेत.

हँडबुक म्हणजे काय आणि ते वापरायचं कसं?

हँडबुक म्हणजे चाळीस-पन्नास जणांचे लेख एकत्र. सलग वाचायचं नाही, आपल्या विषयाचा एक लेख घ्यायचा आणि त्याच्या तळटीपांवरून पुढे जायचं. सायट करताना लेखाच्या लेखकाचं नाव द्या, संपादकाचं नाही, निम्म्या डिझर्टेशनांत ही चूक असते.

सेकंडहँड कुठे बघू आणि काय तपासू?

पुण्यात अप्पा बळवंत चौक, मुंबईत फोर्टात हायकोर्टाच्या आसपास. घेताना तीन गोष्टी बघा: कॉपीराइटच्या पानावर आवृत्ती कितवी आणि ती फक्त पुनर्मुद्रण आहे का, सुरुवातीला ‘कायदा अमुक तारखेपर्यंतचा’ असं लिहिलेलं असतं ती तारीख, आणि मागे केसेसची यादी शाबूत आहे का. ती पानं फाटलेली असतील तर घासाघीस करायला जागा आहे. लायब्ररीचा शिक्का असेल आणि त्यावर ‘रद्द’ असं लिहिलेलं नसेल तर मात्र घेऊ नका, ते कुणाचं तरी हरवलेलं पुस्तक असतं आणि बिचाऱ्याची डिपॉझिटची रक्कम अडकलेली असते.